भिंत पडते तेव्हा

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार-नेपाळ सीमेवर मोठा भूकंप झाला आणि मिथिलेतली असंख्य घरं कोसळली. मधुबनीचा तरुण आयसीएस अधिकारी विल्यम आर्चर नुकसानीची पाहणी करत गावोगाव फिरत होता. फुटलेल्या भिंतींतून त्याला घरांच्या आतल्या खोल्या दिसल्या आणि त्या खोल्यांच्या भिंतींवर कमळं, बांबू, मासे, देवदेवता. ही कोहबराची खोली, म्हणजे नवपरिणीत जोडप्याची. एरवी परक्या पुरुषाची नजर तिथे पोचलीच नसती. चित्रं काढलेली होती घरातल्या बायकांनी. पुढे १९४९ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘मार्ग’ या नियतकालिकात आर्चरने त्यांच्यावर लेख लिहिला. भिंत पडली म्हणून चित्र बाहेरच्या जगाला दिसलं, अशी ही उलटी गोष्ट.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कलेच्या इतिहासाशी माझा तसा संबंध नाही. या विषयाकडे मला ओढलं ते इंटिरिअरवाल्याच्या कॅटलॉगने. त्यात ‘वारली वॉल’ असा एक प्रकार होता. वॉलपेपरचा दर वेगळा, स्टेन्सिलचा वेगळा, हाताने काढून हवं असेल तर सगळ्यात जास्त. सगळा हिशोब चौरस फुटावर. वर पारदर्शक कोट मारून देणार, म्हणजे ओल्या फडक्याने कितीही पुसा, चित्र जाणार नाही. हे ‘जाणार नाही’ माझ्या डोक्यात अडकून बसलं. कारण ज्या भिंतीवरून हे चित्र उचललंय, तिथे ते जाणारच होतं.

डहाणू-तलासरीकडचं जुनं वारली घर कुडाचं. कारवीच्या काठ्या किंवा बांबू उभे करायचे, त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा. लग्न ठरलं की भिंत पुन्हा सारवायची, तिच्यावर काव फिरवायची आणि त्या तांबूस पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा. कुंचला म्हणजे टोकाशी ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. चौकाच्या मधोमध पालघट देवी. काढणाऱ्या सवाशिणी, आणि लग्न लावताना गाणी म्हणणारी धवलेरीही बाईच. चौकाशिवाय लग्न होत नसे. लग्न उरकलं की चौकाचं काम संपलं. पुढे धूर, पाऊस आणि पुढचं सारवण यांत पीठ हळूहळू नाहीसं होई. कोणी ते जपत नसे, कारण पुढच्या लग्नात ते पुन्हा काढलं जाणारच होतं.

माझ्या भाषेत सांगायचं तर भिंत म्हणजे फक्त स्क्रीन. मूळ प्रत बायकांच्या हातात. ती दर लग्नात पुन्हा चालवली जायची, आणि शेजारी बसलेल्या मुली ती बघून बघून शिकायच्या.

या दोन भिंतींना जोडणारा माणूस मराठी होता. १९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवलं. शेतात पीक नाही, हाताला काम नाही. कुलकर्णींनी बायकांना कागद दिला आणि भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणून सांगितलं. भिंत विकता येत नाही, कागद येतो, इतका साधा हा विचार. त्यातून अनेक घरांत पैसा आला आणि बायकांची नावं बाहेर आली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. जे चित्र कालपर्यंत ‘घरातल्या कुणीतरी’ काढलेलं असे, त्याच्या खाली आता सही आली.

सत्तरच्या दशकात हेच कुलकर्णी डहाणू भागात पोचले. इथेही कागद दिला गेला. पण इथे पुढे आलं ते गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हसे यांचं नाव, म्हणजे एका पुरुषाचं. म्हसे यांचा जन्मही १९३४ चाच. लहानपणी पोरके झालेले, बरीच वर्षं बोलणं बंद झालेलं, मातीत रेघा ओढून आपलं म्हणणं सांगणारे. बायकांचं मानलं जाणारं हे काम त्यांनी आपलंसं केलं. चौकाची चौकट त्यांनी ओलांडली. मासेमारीचं जाळं, तारप्याभोवती फिरणारा नाच, मुंग्यांची रांग, शेतातली लगबग असं सगळं त्यांच्या कागदावर उतरलं. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी मधुबनीच्या महासुंदरी देवींनाही. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसिएं द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात म्हसे आणि मिथिलेच्या बउआ देवी दोघंही होते.

म्हसे यांची प्रतिभा वादातीत आहे. कागद नसता तर ती आपल्याला कळलीही नसती. पण एकच माणूस, एकच युक्ती आणि दोन ठिकाणी दोन निकाल, याचं मला राहून राहून नवल वाटतं. मिथिलेत कागदाने भिंतीवरच्या बाईला नाव दिलं. डहाणूत त्या बाईच्या हातातली काडी बाजारात पोचली ती बहुतेक पुरुषांच्या हातून. म्हसे यांच्या मागून अनेक तरुण चित्रकार झाले, घरं सावरली. चौक काढणाऱ्या सवाशिणींतली किती नावं आपल्याला सांगता येतील? मला एकही येत नाही.

टिकण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. गंगा देवींनी कर्करोगाशी झुंजत असताना दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात एक अख्खं कोहबर घर रंगवलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. संग्रहालय म्हणजे वस्तू जपण्याचीच जागा, तेव्हा ते चित्र तिथे सुरक्षित आहे असंच कुणालाही वाटलं असतं. पण २०१५ च्या सुमारास नूतनीकरणाच्या कामात त्या भिंती गेल्या. गावातल्या घराची भिंत गेली असती तर पुढच्या लग्नात कुणीतरी दुसरी रंगवली असती. इथे पुढचं लग्न नव्हतं आणि तो हातही उरला नव्हता.

म्हणून पारदर्शक कोटाचं मला फारसं कौतुक वाटत नाही. शहरातल्या घरात वारली चित्र लावू नये, असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या लग्नाचा चौक आपण हॉलमध्ये मांडतो, त्यांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण स्टेन्सिल आणि वॉलपेपरमध्ये ते मिळत नाहीत. भिंत रंगवून घ्यायचीच असेल तर कॅटलॉगातला नमुना क्रमांक बाजूला ठेवून आधी विचारावं की काढणार कोण, त्या गावातलं कुणी आहे का, त्यांच्या घरातल्या बायकांनाही हे काम आणि त्याचा मोबदला मिळणार का. आणि चित्र पूर्ण झालं की कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव लिहून घ्यावं. चार-पाच वर्षांनी रंग उडाला तर हरकत नाही. पुन्हा बोलवावं, पुन्हा काढून घ्यावं.