ब्रायटनचा घुमट आणि केंटचा बंगला

'बंगला' हा शब्द मी वर्गात नेहमी उदाहरणादाखल घेतो. उर्दूतही तोच, मराठीतही तोच. बंगालमधल्या बैठ्या, उतरत्या छपराच्या घराचं हे नाव. कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी ते घर आपलंसं केलं, त्याला व्हरांडा जोडला आणि हिंदुस्थानभर नेलं. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण हा शब्द आणि आपले घुमट पुढे थेट इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन वसले, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्या किनाऱ्यावरची जुनी घरं कोळ्यांची. ससेक्समध्ये चकमकीच्या दगडांच्या भिंती, डेव्हनमध्ये माती आणि पेंढा तुडवून रचलेल्या जाड भिंती. समुद्र ही पोट भरण्याची जागा होती, बघत बसण्याची नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचं पाणी औषधी असल्याचं सांगितलं आणि श्रीमंतांची रीघ लागली. घरांची तोंडं समुद्राकडे वळली. पुढे आलेल्या गोलाकार खिडक्या, लोखंडी सज्जे, मलईच्या रंगाचा गिलावा. ब्रायटनमध्ये या देखण्या गिलाव्याच्या आत बऱ्याचदा 'बंगारूश' असतं. म्हणजे विटांचे तुकडे, गोटे आणि चुना फळ्यांच्या साच्यात भरून उभी केलेली भिंत.

याच ब्रायटनमध्ये 1783 साली युवराज जॉर्ज आला. त्याच्या घोड्यांसाठी विल्यम पोर्डन याने 1803 ते 1808 या काळात हिंदुस्थानी थाटाचा, भव्य घुमटाचा तबेला बांधला. मग 1815 पासून जॉन नॅश याने युवराजाचा महालच कांद्याच्या आकाराच्या घुमटांनी आणि मीनारांनी सजवला. नॅशने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याच्यासमोर डॅनियल काका-पुतण्यांनी काढलेली आपल्याकडच्या इमारतींची चित्रं होती. बाहेरून मुघल दिसणारा हा महाल आतून चिनी सजावटीचा आहे आणि घुमटांना आधार लोखंडी सांगाड्याचा. गावातल्या काही घरांनीही ही फॅशन उचलली. वास्तुविशारद एमन हेन्री वाइल्ड्सने 1828 च्या सुमारास स्वतःच्या घरावर असाच घुमट चढवला.

नॅशचं काम सुरू होण्याच्या थोडं आधी, 1814 मध्ये, पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद ब्रायटनला आले होते. 1794 मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले भारतीय. त्यांनी समुद्रकाठी वाफेच्या स्नानाचं आणि चंपीचं स्नानगृह चालवलं. 'शॅम्पू' शब्द याच चंपीच्या घराण्यातला. दोन राजांनी त्यांची सेवा घेतली. ते ख्रिस्ती झाले, जेन डेली या आयरिश स्त्रीशी संसार केला, पण मुहम्मद हे नाव त्यांनी टाकलं नाही. घुमट चित्रांवरून आला होता. हा माणूस मात्र खराखुरा हिंदुस्थानातून आला होता.

त्यानंतर 1869-70 च्या सुमारास जॉन टेलर याने केंटच्या किनाऱ्यावर वेस्टगेट आणि बर्चिंग्टन इथे बैठी, व्हरांड्याची घरं बांधली आणि त्यांना 'बंगलो' म्हटलं. हवापालटासाठीची ही श्रीमंतांची घरं. कवी-चित्रकार रोझेटी 1882 मध्ये बर्चिंग्टनच्या अशाच बंगल्यात वारला. विसाव्या शतकात शोरहॅमच्या किनाऱ्यावर सामान्य माणसांनी रेल्वेचे जुने डबे आणून त्यांचे बंगले केले. आज तिकडे बंगलो म्हणजे जिना नसलेलं, म्हातारपणी सोयीचं घर. आपल्याकडे मात्र बंगला म्हणजे अजूनही ऐपतीची खूण.

डिसेंबर 1914 मध्ये युवराजाच्या त्या महालात हिंदी सैन्यातल्या जखमी जवानांसाठी इस्पितळ उघडलं. मुसलमानांना नमाजसाठी हिरवळीवर जागा होती, शिखांसाठी तंबूतला गुरुद्वारा, आणि प्रत्येकाच्या आहारनियमांप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरं. पण त्याच शहरातल्या किचनर इस्पितळात हिंदी जवानांना बाहेर फिरायला सक्त मनाई होती. जे दगावले, त्यांतल्या मुसलमानांना वोकिंगच्या मशिदीजवळ दफन केलं. हिंदू-शिखांना पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. तिथे 1921 पासून संगमरवरी छत्री उभी आहे.

घुमट दिसला की आज लगेच विचारतात, हा कुणाचा? ब्रायटनचा घुमट बांधला इंग्रजाने, राहिला त्यात ख्रिस्ती राजा, आणि त्याखाली बरे झाले मुसलमान, हिंदू, शीख. घराला धर्म नसतो, हे तिथे कुणी वेगळं सांगायला नको. पण एवढंच म्हणून थांबलो तर गोष्ट अर्धी राहते. दुसऱ्याचा घुमट, व्हरांडा, शब्द उचलणं सोपं असतं; त्या माणसाला दार उघडणं अवघड. ज्या समाजाच्या इमारतींचं आपण कौतुक करतो, त्याच समाजातल्या भाडेकरूला आपण घर देतो का? वारसा खरोखर जपायचा असेल, तर उत्तर आधी या प्रश्नाचं द्यावं लागेल.