जात डोळ्यांना दिसते का?

१९३९ साली वाशिमला एक ताम्रपट मिळाला. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकातल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाने अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. आम्हाला मात्र या ताम्रपटाने दुरुस्त केलेली एक चूक जास्त महत्त्वाची वाटते.

याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे बौद्ध संघाला दान दिले. तिथल्या शिलालेखाची अक्षरे झिजली आहेत. आधीच्या अभ्यासकांनी त्यात रुद्रसेन, पृथिवीषेण अशी दुसऱ्या शाखेतली ओळखीची नावे वाचली. वाशिमच्या ताम्रपटात सर्वसेनाचे नाव आले, वा. वि. मिराशींनी लेख पुन्हा तपासला, आणि तिथेही सर्वसेन, विंध्यसेन हीच नावे निघाली.

दगड तोच होता. डोळ्यांना अर्धवट रेघा दिसल्या, नाव बुद्धीने भरले. चूक बुद्धीने केली आणि दुरुस्तीही तिनेच केली, पण नवा पुरावा डोळ्यांसमोर आल्यावरच.

वस्तूचे ज्ञान इंद्रियांतून होते की बुद्धीतून, हा वाद देकार्त आणि लॉक यांच्या नावाने शिकवला जातो. त्यांच्या हजारएक वर्षे आधी बौद्ध आचार्य दिग्नागाने ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात त्याची मांडणी केली होती. त्याने प्रमाणे दोनच मानली: प्रत्यक्ष आणि अनुमान. इंद्रियांना कळते ती समोरची एकेक वस्तू. तिला नाव देणे, वर्गात बसवणे हे बुद्धीचे काम. आणि शब्द, म्हणजे ग्रंथवचन? ते स्वतंत्र प्रमाण नाही. सांगणारा विश्वासाचा आहे का, हे तपासावेच लागते.

नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते ‘गायपण’ बाहेर खरोखर असते आणि इंद्रियांना कळते. अशा सामान्य गुणाला त्यांचा शब्द होता ‘जाति’. मित्रहो, खरी मेख इथे आहे. मीमांसक कुमारिल भट्टाने हाच तर्क माणसांना लावला: ब्राह्मणत्वही प्रत्यक्षच कळते, फक्त आईबाप कोण हे माहीत हवे!

आमचा साधा प्रश्न आहे. गाय ओळखायला कुणी तिची वंशावळ विचारतो का? जे विचारल्याशिवाय कळत नाही ते दिसले कसे म्हणायचे? बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने तर वेदप्रामाण्य आणि जातीचा गर्व या दोन्ही गोष्टी बुद्धी नष्ट झाल्याच्या खुणांमध्ये मोजल्या.

म्हणजे जात खोटी, भेदभाव नाही, असे कुणी आम्हाला ऐकवू नये. गावातले वेगळे स्मशान दिसते. आडनाव ऐकून नाकारलेली भाड्याची खोली दिसते. दिसत नाही ते जन्मजात श्रेष्ठत्व. ते प्रत्यक्षात नाही, अनुमानात नाही. ते फक्त ग्रंथाच्या शब्दावर उभे आहे. म्हणूनच १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी सांगितले की जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे, आणि घाव शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घातला पाहिजे.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. ‘अमुक टेकडीखाली विहार होता’ असा मेसेज आला की आपण तपासतो का? की शब्दालाच प्रमाण मानून पुढे पाठवतो? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? वत्सगुल्माच्याच राजघराण्याने वेदपाठी ब्राह्मणांना गाव दिले आणि त्यांच्याच मंत्र्याने संघाला लेणे दिले. दोन्ही पुरावे समोर ठेवूनच आपल्याला इतिहास सांगावा लागेल.

वाशिमच्या तरुणांनो, ब्राह्मी शिका. लेणी डोळ्यांनी पाहा, बुद्धीने तपासा, आणि आमचाही शब्द तपासल्याशिवाय मान्य करू नका.

जय भीम!