ज्यू निर्वासित, मुंबई प्रांतातील

नाझी राजवटीच्या छळामुळे १९३३ नंतर मध्य यूरोप सोडून मुंबई व तिच्या परिसरात आश्रयास आलेले ज्यू आणि त्यांचे निकटचे आप्त. हिटलरने ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचे चॅन्सेलरपद स्वीकारले, तेव्हापासून १९४५ मधील जर्मनीच्या शरणागतीपर्यंत यूरोपातील सु. ६० लक्ष ज्यूंचा पद्धतशीर संहार झाला. त्या मानाने भारतात पोहोचलेल्यांची संख्या नगण्य, एक ते दोन हजारांच्या आसपास होती. तरीही त्यांचा इतिहास एका मोठ्या प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. असह्य आपत्तीतून वाचलेल्या माणसाच्या स्वभावात कोणते परिवर्तन घडते आणि त्याला हात देणाऱ्याच्या स्वभावात कोणते, हा तो प्रश्न होय.

पार्श्वभूमी : एप्रिल १९३३ च्या कायद्याने जर्मनीतील ज्यू अधिकाऱ्यांना सरकारी नोकरीतून काढण्यास आरंभ झाला. सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यात आला आणि त्याच वर्षी ९-१० नोव्हेंबरच्या रात्री ज्यूंची प्रार्थनामंदिरे व दुकाने देशभर उद्ध्वस्त करण्यात आली. देश सोडणे हाच एक मार्ग उरला, पण दारे बहुतेक बंद होती. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे भरलेल्या परिषदेस ३२ राष्ट्रे उपस्थित होती. त्यांपैकी फारच थोड्यांनी अधिक निर्वासित घेण्याची तयारी दाखविली. भारत ब्रिटिश अंमलाखाली असल्याने येथील प्रवेशाचा निर्णय भारतीयांच्या हाती नव्हता. प्रवेशपत्रासाठी नोकरीचे आश्वासन अथवा निर्वाहाची हमी लागे. महायुद्ध सुरू झाल्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना हा मार्गही जवळजवळ बंद झाला.

आश्रयदाते : मुंबईत १९३४ मध्ये ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ ही साहाय्यक संस्था स्थापन झाली. मुंबई व पुणे येथील सधन बगदादी ज्यू, कोकणातून आलेले मराठीभाषक बेने इस्राएल आणि आधी स्थिरावलेले यूरोपीय ज्यू हे तिघेही एकाच धर्माचे. परंतु त्यांच्यात भाषा, आर्थिक स्थिती आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे मोठे अंतर होते. बगदादी ज्यू बेने इस्राएलांना बरोबरीने वागवीत नसत. व्हिएन्ना किंवा बर्लिन येथून आलेला वकील वा डॉक्टर या दोहोंनाही परका होता. संस्थेचे मुख्य काम भावनिक आवाहनाचे नव्हते. निर्वासिताच्या निर्वाहाची हमी सरकारकडे लिहून देणे, त्याला उतरण्यास जागा मिळवून देणे आणि नोकरी शोधणे असे ते होते. बंदरावर उतरलेल्या माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न अशा रीतीने एका कागदावरील सहीशी निगडित झाला होता. ज्यूंना आश्रय देण्याच्या बाजूने बोलणाऱ्या राष्ट्रीय नेत्यांत जवाहरलाल नेहरू अग्रभागी होते. डॉक्टर, तंत्रज्ञ अशा कुशल व्यक्तींचा देशाला उपयोगच होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. याउलट परदेशी डॉक्टर आल्यास आपल्या व्यवसायावर परिणाम होईल, अशी भीती स्थानिक व्यावसायिकांतून व्यक्त होत होती.

स्थानबद्धता : सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून ताब्यात घेण्यात आले. त्यांतील पुष्कळांना अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील छावणीत ठेवले. नाझी पक्षाचे सभासद आणि त्याच पक्षाने देशोधडीस लावलेले ज्यू हे दोन्ही गट काही काळ एकाच कुंपणाआड राहिले. जर्मनीने ज्यांना ज्यू म्हणून हाकलले, त्यांनाच इंग्रजांनी जर्मन म्हणून कोंडले. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रकरणे तपासून अनेक निर्वासितांना मुक्त केले. तथापि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर पुन्हा कडक धोरण आले. पुणे जिल्ह्यातील पुरंदर किल्ल्यावर व साताऱ्यास सौम्य निर्बंधांच्या वसाहती होत्या. येथील जीवन नाझी छळछावण्यांच्या तुलनेत सुरक्षित होते, ही गोष्ट विसरता येत नाही. मात्र आपण कोण, हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेला, ही वेदना त्या सुरक्षिततेने नाहीशी होत नव्हती.

निर्वासितांतील परिवर्तन : मुंबईस आलेल्या काही प्रसिद्ध व्यक्तींच्या चरित्रांवरून या परिवर्तनाची कल्पना येते. वॉल्टर काउफमान (१९०७–८४) हे कार्ल्सबाड येथे जन्मलेले व प्राग येथे शिकलेले संगीतकार १९३४ मध्ये मुंबईस आले. प्रथम ऐकलेले भारतीय संगीत त्यांना अगम्य वाटले. परंतु लक्षावधी लोकांना जे प्रिय आहे ते निरर्थक असू शकत नाही, उणीव आपल्याच आकलनात असली पाहिजे, असा निष्कर्ष काढून ते अभ्यासास लागले. १९३७ ते ४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. आकाशवाणीच्या आरंभधुनेचे श्रेय सामान्यतः त्यांना देण्यात येते. त्यांच्या कक्षसंगीताच्या मंडळात व्हायोलिनवादक मेहली मेहता यांचा सहभाग होता. पुढे अमेरिकेत प्राध्यापकी करीत असताना काउफमान यांनी उत्तर व दक्षिण भारतातील रागांवर ग्रंथ लिहिले. वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या नावाखाली ज्याला घराबाहेर काढण्यात आले, त्याने आपली अभिरुचीही श्रेष्ठ न मानता शिष्यत्व पत्करले, हे येथे विशेष लक्षणीय आहे.

व्हिली हास हे बर्लिन येथील एका नामांकित वाङ्मयीन साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक. ते १९३९ मध्ये मुंबईस आले आणि मोहन भवनानी यांच्या चित्रपटसंस्थेसाठी पटकथा लिहू लागले. त्यांचे भांडवल म्हणजे जर्मन भाषा आणि ते मुंबईत निरुपयोगी होते. युद्धानंतर ते परत गेले व हॅम्बुर्ग येथे समीक्षक म्हणून पुन्हा नावारूपास आले. निर्वासित जीवन म्हणजे दर वेळी नव्या भूमीत रुजणेच नव्हे. काहींच्या बाबतीत ते मायभाषेकडे परतेपर्यंतचे केवळ टिकून राहणे होते.

चित्रकलेच्या क्षेत्रात तीन व्यक्तींचे कार्य महत्त्वाचे आहे. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे स्वतः ज्यू नव्हते; त्यांच्या पत्नी कॅथे ज्यू होत्या. १९३८ मध्ये हे दांपत्य मुंबईस आले व लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी तरुण भारतीय चित्रकार नियमित जमत. ज्यू पूर्वज असलेल्या घराण्यातील रूडॉल्फ फॉन लायडन हे भूशास्त्रज्ञ होते. ते १९३३ मध्ये येथे आले आणि कलासमीक्षक झाले. गंजिफांचे अभ्यासक म्हणूनही त्यांचा लौकिक झाला. व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी मुंबईत औषधनिर्मितीचा व्यवसाय उभारला आणि नवोदितांची चित्रे विकत घेतली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांना या तिघांकडून मार्गदर्शन, प्रसिद्धी वा आर्थिक आधार मिळाला. आश्रित म्हणून आलेली माणसे अशा रीतीने दहा वर्षांच्या आतच दुसऱ्यांची आश्रयदाती झाली.

छळछावण्यांतून वाचलेले : वेळीच बाहेर पडलेल्या निर्वासितांचा अनुभव आणि प्रत्यक्ष छळछावण्यांतून वाचलेल्यांचा अनुभव एकच मानता येत नाही. दुःखाने मनुष्य शुद्ध होतो, ही कल्पना आपल्याकडील संतचरित्रांमुळे परिचयाची आहे. छावण्यांच्या इतिहासाने ती जशीच्या तशी टिकत नाही. आउशविट्समधून वाचलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांनी १९८६ मधील ग्रंथात दाखवून दिले, की छावणीत बळी आणि अत्याचारी यांच्या दरम्यान एक धूसर प्रदेश होता. एका भाकरीसाठी कैद्यांनाच कैद्यांवर देखरेख करावयास लावले जाई. तेथील वर्तनावरून कोणाच्या शीलाचा निवाडा करण्याचा अधिकार बाहेरच्या माणसास नाही, असे त्यांचे मत होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्यम नीडरलंड या मानसोपचारज्ञाने वाचलेल्यांमधील लक्षणसमुच्चयाचे वर्णन केले : निद्रानाश, सततची भीती आणि आप्त मेले व आपण जगलो याचा अपराधभाव. पश्चिम जर्मनीच्या नुकसानभरपाईच्या कायद्यानुसार या व्याधी छळामुळेच जडल्या, हे सिद्ध करावे लागे. अनेक तज्ञ डॉक्टर त्यांचे मूळ रुग्णाच्या उपजत स्वभावात शोधत आणि भरपाई नाकारली जाई. स्वभावपरिवर्तनाची चर्चा ही त्यामुळे केवळ तात्त्विक राहिली नाही. ती न्यायाची बाब बनली.

दुसरी बाजू ॲरन अँटोनॉव्हस्की या समाजशास्त्रज्ञाच्या इझ्राएलमधील पाहणीत दिसते. मध्य यूरोपात जन्मलेल्या मध्यमवयीन स्त्रियांच्या या पाहणीत छावणीचा अनुभव नसलेल्यांपैकी ५१ टक्के, तर छावणीतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांचे भावनिक स्वास्थ्य चांगले आढळले. आघात किती खोल होता, हे या फरकावरून कळते. परंतु इतके भोगूनही २९ टक्के स्त्रिया स्वस्थ कशा राहिल्या, हा प्रश्न अँटोनॉव्हस्की यांना अधिक महत्त्वाचा वाटला. आपले जगणे आकलनीय आहे, हाताळता येण्यासारखे आहे व त्याला अर्थ आहे, ही जाणीव माणसाला सावरते, असा सिद्धांत त्यांनी पुढे मांडला.

मदत करणाऱ्यांचा स्वभाव : जेरूसलेम येथील याद व्हाशेम या स्मारकसंस्थेने १९६३ पासून, स्वतःचा जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचविणाऱ्या अन्यधर्मीयांचा गौरव सुरू केला. गौरविलेल्यांची संख्या २८ हजारांहून अधिक झाली आहे. सॅम्युएल व पर्ल ऑलिनर यांनी अशा ४०६ व्यक्तींची तुलना मदत न केलेल्या १२६ व्यक्तींशी केली (१९८८). मदत करणारे लोक विशेष शूर वा विशेष धर्मनिष्ठ होते असे आढळले नाही. बालपणी त्यांना शिक्षेपेक्षा समजावून शिस्त लावण्यात आली होती आणि ‘आपले’ या शब्दाची त्यांची व्याप्ती मोठी होती. शिवाय पुष्कळांनी आपण होऊन नव्हे, तर कोणी तरी येऊन मागितली म्हणून मदत सुरू केली. एका रात्रीसाठी दिलेला आसरा पुढे वर्षानुवर्षे लांबला. थोर मनामुळे कृती घडते हे खरे, पण कृतीमुळे मन थोर होते, हेही तितकेच खरे.

मुंबईतील साहाय्यकर्त्यांच्या जिवास धोका नव्हता. म्हणून त्यांची गणना या वीरांत करता येणार नाही. तरीही कोणाच्या तरी निर्वाहाची हमी घेणे ही कृती त्यांच्या हातून वारंवार घडली. बेने इस्राएलांपुरते पाहता, शतकानुशतके कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि कोणताही ज्यूद्वेष न अनुभवलेल्या या समाजाला यूरोपातील संहारामुळे आपण एका दूरच्या, पीडित जनसमूहाचे घटक आहोत, याची तीव्र जाणीव झाली.

वळिवडे येथील पोलिश वसाहत : या संदर्भात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील वसाहतीचा नेहमी उल्लेख होतो, पण तिचे स्वरूप वेगळे होते. १९४३ ते ४८ या काळात तेथे राहिलेले सु. पाच हजार पोलिश लोक बहुतांशी कॅथलिक होते. त्यांना नाझींनी नव्हे, तर सोव्हिएट राजवटीने १९४०-४१ मध्ये सायबीरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते. त्यांत स्त्रिया व मुले अधिक होती. वसाहतीत शाळा, चर्च व नाट्यगृह होते. येथे वाढलेली मुले वृद्धापकाळी कोल्हापूरला भेट देण्यास येत राहिली. त्यांचे स्मारक कोल्हापूर शहरात आहे. दोन्ही इतिहास एकत्र मिसळल्यास दोहोंवरही अन्याय होतो. समान आहे ती बालपण परत मिळवून देणाऱ्या भूमीविषयीची कृतज्ञता.

युद्धोत्तर काल : युद्ध संपल्यावर आणि विशेषतः १९४७ नंतर बहुसंख्य निर्वासित इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व इझ्राएल येथे गेले. काउफमान १९४६ मध्ये, तर लँगहॅमर १९५७ मध्ये भारत सोडून गेले. बेने इस्राएलांपैकीही बहुतेकांनी इझ्राएलला स्थलांतर केले. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेण्यात आली. विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा निर्देश धर्मपीठाने १९६२ मध्ये दिला. बेने इस्राएलांनी त्याविरुद्ध चळवळ केली आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. वंशचौकशीच्या भीषण परिणामांतून वाचलेल्यांच्या राष्ट्रातही अशी चौकशी होऊ शकली, यावरून छळ सोसलेला समाज आपोआप उदार होतो, असे मानता येत नाही.

मूल्यमापन : संहाराने माणसांना सरसकट उदात्त केले नाही आणि सरसकट अधमही केले नाही. वाचलेल्यांपुढे पुढील काळात कोणती दारे उघडली, कोणी काम दिले, कोणी विश्वास ठेवला, यावर त्यांच्या स्वभावाची पुढील घडण बव्हंशी अवलंबून राहिली. मुंबईने उघडलेले दार अरुंद होते व ते उघडण्याचा अधिकारही पूर्णतः तिचा नव्हता. त्या दारातून आलेल्या थोड्या लोकांनी येथील संगीत, चित्रकला आणि उद्योग यांत घातलेली भर पाहिली, म्हणजे जे बाहेरच राहिले त्यांच्याबरोबर जगाने काय गमावले, याचा अंदाज येतो.