स्वभावाचे बीज आणि माणसाचे मोल

‘खाण तशी माती’ असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणीत तथ्य किती, हा प्रश्न जुना आहे. परंतु त्याचे उत्तर जेव्हा न्यायासनावरून दिले गेले, तेव्हा त्याची किंमत निरपराध माणसांना मोजावी लागली.

आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया एका मठात घातला गेला. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याच्या हजारो रोपांचे निरीक्षण केले आणि १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये डार्विनचे नातलग फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६९ च्या आपल्या ग्रंथात प्रतिभा वंशपरंपरेने उतरते असे प्रतिपादन केले, आणि १८८३ साली ‘युजेनिक्स’ म्हणजे सुप्रजननशास्त्र हा शब्द रूढ केला. १९०० साली मेंडेल यांचे विस्मृत नियम पुन्हा उजेडात आले. मग दारिद्र्य आणि दुर्वर्तन यांचेही बीज रक्तात असते, असे विद्वान म्हणू लागले.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. कॅरी बक ही तरुणी, तिची आई व तिची तान्ही मुलगी, तिघीही मंदबुद्धी असल्याचे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली तिच्या शस्त्रक्रियेस मान्यता दिली. नऊ न्यायमूर्तींपैकी एकट्या पियर्स बटलर यांनी विरोध नोंदविला. ते कॅथलिक होते. कॅरीवर बलात्कार झाला होता आणि त्यातूनच ते मूल जन्मले होते, हे पुढे उघड झाले.

३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोनूबिई’ या विश्वपत्रात अशा सक्तीचा निषेध केला. निरपराध नागरिकाच्या देहावर शासनाची थेट सत्ता नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही जर्मनीने १९३३ साली तसाच कायदा केला आणि सुमारे चार लाख माणसे त्याला बळी पडली.

आज शास्त्र काय म्हणते? जुळ्यांच्या अभ्यासावरून, स्वभावातील फरकांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. मात्र हा आकडा एका समूहातील माणसामाणसांमधील फरकाचा आहे. कोणा एकाचे भवितव्य त्यावरून वाचता येत नाही. क्रोधाचे किंवा सौजन्याचे असे एकच जनुक नसते. हजारो जनुकांचा अत्यल्प वाटा आणि जीवनातील अनुभव यांतून स्वभाव घडतो. उत्क्रांतीचे अभ्यासकही स्वभाववैविध्याकडे दोष म्हणून पाहत नाहीत: एका परिस्थितीत धीट प्राणी तगतो, तर दुसरीत सावध. प्रभूच्या शिष्यांतही उतावीळ पेत्र होता आणि संशयी थोमा होता.

स्वभावाला बीज असते, हे मान्य करण्यात श्रद्धेला काही धोका नाही. धोका आहे तो बीजावरून माणसाचे मोल ठरविण्यात. कॅरीची मुलगी विव्हियन आठव्या वर्षी वारली. तत्पूर्वी तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत झळकले होते.