नायर आपला आहे का?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त क्रिकेटचं आहे, पण मनात घोळणारी गोष्ट जुनीच आहे.

मार्च २०२५ मध्ये जामठ्याला विदर्भ आणि केरळ यांचा रणजी करंडकाचा अंतिम सामना चालला होता. जामठ्याहून आमच्या वडनेरला येणारा हैदराबादचा हमरस्ता एकच, पण आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून मी आपला टीव्हीसमोर. करुण नायरने शतक ठोकलं तशी नातवाने विचारलं, "आबा, नायर आपला आहे का?"

"नाही रे, तो कर्नाटकचा."

"आणि केरळकडून खेळतो तो आदित्य सरवटे?"

"तो नागपूरचा. आपला."

पोरगं गोंधळलं. खरं सांगतो, मीही गोंधळलो.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही! पेपरात विदर्भाचा धावफलक उघडायचा आणि न बोलता पान उलटायचं, अशी आमची सवय. अशात २०१५ साली वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आला. त्याच्या आधी कर्नाटकातून गणेश सतीश आला होता. तेव्हा मी चिडलो होतो. चाळिशीकडे झुकलेला पाहुणा खेळणार म्हणजे आपल्या कुणातरी पोराची जागा जाणार, नाही का?

या चिडण्याला कारण होतं. मी मास्तर असताना शाळेच्या कबड्डी संघाचं काम माझ्याकडे होतं. एका वर्षी तालुक्याची ढाल जिंकायचीच असं मी ठरवलं. सगळी दहावीची दांडगी पोरं खेळवली. आठवीतला एक चपळ पोरगा सराव रोज करायचा, पण सामन्यात मी त्याला एकदाही उतरवलं नाही. ढाल आली, हेडमास्तरांच्या खोलीत लागली. पुढच्या वर्षी दहावीची पोरं पांगली आणि माझ्याकडे संघच उरला नाही. त्या पोराने तर मैदानावर येणंच सोडलं होतं. आजही बसस्टँडवर भेटला की "सर, बरे आहात ना?" म्हणून विचारतो. तक्रार कधी केली नाही त्याने. म्हणूनच जास्त लागतं.

तर जाफरकडे मी असा पाहत होतो. पण झालं वेगळंच. २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फजल यांच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिला करंडक आणला. त्या सामन्यात हॅट्ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने, १३३ धावा केल्या त्या अक्षय वाडकरने. दोघंही आपली पोरं. पुढच्या मोसमात जाफरने १०३७ धावा काढल्या, पण अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे अकरा गडी बाद केले ते याच सरवटेने.

आता २०२५ चा सामना बघा. जाफर केव्हाच निवृत्त झालेला, गुरबानी महाराष्ट्राकडे, सरवटे केरळकडे. सरवटेने आपल्याविरुद्ध ७९ धावाही केल्या. तरी करंडक आपलाच. कर्णधार कोण? पहिल्या करंडकातला तोच वाडकर. सरवटेसारखाच डावखुरा फिरकी टाकणारा हर्ष दुबे, त्याने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आणि ३ बाद २४ अशी दैना असताना दानिश मालेवार या पहिल्याच मोसमातल्या पोराने १५३ धावा केल्या. समोर उभा होता पाहुणा नायर. दोघांची २१५ धावांची भागी!

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, इथे याच्या उलट झालं." त्यांच्याकडे बास्केटबॉलमध्ये नवी पोरं निवडण्याचे हक्क ठरलेले असतात आणि संघ ते हक्क विकूही शकतात. २०१३ मध्ये ब्रुकलिनच्या संघाने पुढच्या अनेक वर्षांचे हक्क बोस्टनला देऊन टाकले आणि गार्नेट, पिअर्स हे उतरत्या वयाचे नामांकित खेळाडू घेतले. विजेतेपद काही मिळालं नाही. त्याच हक्कांच्या जोरावर बोस्टनने ब्राऊन आणि टेटम ही पोरं मिळवली आणि २०२४ मध्ये अजिंक्यपद जिंकलं.

माझे वडील तुरीचं बियाणं राख लावून मडक्यात ठेवत. घरात दाणा नसला तरी त्याला हात लागत नसे. ब्रुकलिनने बियाणंच शिजवून खाल्लं. मीही तेच केलं होतं, एका ढालीसाठी. विदर्भाने मात्र जाणता माणूस आणून पोरांच्या सोबत पेरणीला उभा केला.

म्हणजे बाहेरचा आणावा की नाही, हा प्रश्नच नाही. तो गेल्यावर मागे कोण उरतं, ते पाहावं. नायर त्या मोसमानंतर कर्नाटकात परत गेला. मालेवार इथेच आहे.

नातवाला मी शेवटी सांगितलं, "बाळा, जो आपल्या पोरांना उभं करतो तो आपलाच." त्याला पटलं की नाही कोण जाणे. पण तो आठवीतला पोरगा मैदानाच्या कडेला बसलेला मला अजून दिसतो.

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.