न पाहिलेल्या जनावरांचा मूर्तिकार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोहोळच्या आठवडी बाजारात खेळण्यांचे पाल लागते. गाय, घोडा, हत्ती, वाघ यांच्या प्लास्टिकच्या ढिगात हल्ली एखादा डायनासोर हमखास असतो, आणि पोराचा हात गाईवरून सरकून नेमका त्याच्यावरच जातो. गाय त्याच्या दारात बांधलेली आहे. डायनासोर मात्र त्याने पाहिलेला नाही, त्याच्या आज्याने नाही, कुणाच मनुष्यप्राण्याने नाही. मग त्या जनावराची मान किती लांब, कातडे कसे, शेपूट जमिनीवर की हवेत, हे ठरवले कुणी?

शास्त्रज्ञांनी, असे आपण पटकन म्हणतो. ते खरेच आहे, पण अर्धेच. शास्त्रज्ञाच्या हाती हाडे लागतात, तीही बहुधा तुटकी आणि थोडी. त्या हाडांवर मांस चढवायचे, कातडे ओढायचे आणि जनावर चार पायांवर उभे करायचे, हे काम मूर्तिकाराचे. ज्याने हे काम पहिल्यांदा पूर्ण आकारात केले त्याची आज गोष्ट सांगायची आहे. ती गोष्ट सांगता सांगता आपण विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या शिवारात जाऊन पोचणार आहोत.

त्याचे नाव बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स. जन्म १८०७, लंडनचा. प्राण्यांची चित्रे काढावीत, पुतळे घडवावेत, हा त्याचा धंदा. ‘डायनासोर’ हा शब्दच मुळी १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने घडवला. म्हणजे नाव मिळाले, पण रूप नव्हते. पुढे लंडनजवळ सिडनहॅम येथे काचेचा मोठा महाल, क्रिस्टल पॅलेस, नव्याने उभा राहिला आणि त्याच्या बागेत नामशेष प्राण्यांचे पुतळे उभारायचे ठरले. ओवेन सल्लागार, हॉकिन्स मूर्तिकार. जून १८५४ मध्ये बाग लोकांना खुली झाली. तिथल्या तळ्याकाठी जे जनावरांचे संमेलन भरले त्यात खरे डायनासोर चारच होते. दोन इग्वानोडॉन, एक मेगॅलोसॉरस, एक हायलिओसॉरस. बाकीचे प्राणी इतर कुळांतले.

काम कसे केले, ते त्याने स्वतःच एका व्याख्यानात सांगून ठेवले आहे. आधी लहान नमुना करायचा. तो ओवेनला दाखवायचा. मग पूर्ण आकाराचे जनावर मातीत उभे करायचे, त्यावरून साचा काढायचा आणि साच्यातून पक्के काम. काही जनावरांसाठी तीस टन माती चार पायांवर तोलून धरावी लागली. पक्क्या कामाला चार लोखंडी खांब, ६०० विटा, दीड हजारांहून जास्त कौले आणि नळकौले, सिमेंटची ३८ पिंपे, फुटक्या दगडाची ९० पिंपे आणि वर लोखंडी पट्ट्या लागल्या. हॉकिन्स म्हणाला होता की हे चार पायांवर घर बांधण्यासारखेच आहे. आपल्याकडचा कुठलाही गवंडी ही यादी ऐकून मान डोलावेल.

आमच्याकडे मोहरमचे ताबूत करताना आधी कळकाच्या काठ्यांचा सांगाडा बांधतात, मग त्यावर कागद आणि बेगड चढते. सांगाडा वाकडा तर ताबूत वाकडा, मग वर कितीही चमक लावा. पण ताबूत करणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते पिढ्यांपासून माहीत असते. बेंदराला मातीचे बैल करणाऱ्या कुंभारालाही बैल ठाऊक असतो. अलिबागजवळच्या सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकर यांच्या घरात त्यांनी केलेली शिल्पे जपून ठेवली आहेत. सिमेंट-काँक्रीटसारख्या रुक्ष वस्तूत त्यांनी माणसे आणि जनावरे किती जिवंत केली ते तिथे दिसते. पण करमरकरांच्या डोळ्यांसमोर जनावर होते. हॉकिन्सच्या समोर काही दात, काही मणके, जबड्याचा एखादा तुकडा. त्याचा सांगाडा बराचसा तर्काचाच होता.

आणि तर्क चुकला. इग्वानोडॉनचे एक टोकदार हाड सापडले होते, ते नाकावरचे शिंग असावे असे त्या वेळी मानले गेले. हॉकिन्सने गेंड्यासारखे ते नाकावर बसवले. १८७८ मध्ये बेल्जियममध्ये बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे पुष्कळ सांगाडे जवळजवळ अखंड सापडले, तेव्हा कळले की ते शिंग नव्हेच, तो हाताच्या अंगठ्याचा काटा. हॉकिन्सचे जनावर मात्र आजही नाकावर अंगठा घेऊन उभे आहे. तो काचेचा महाल १९३६ च्या आगीत जळून गेला, पुतळे राहिले. २००७ मध्ये त्यांना ब्रिटनमधल्या सर्वोच्च श्रेणीच्या वारशाचा दर्जा मिळाला. चुकीचा पुतळा म्हणून कुणी तो काढून टाकला नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

३१ डिसेंबर १८५३ ला हॉकिन्सने एक गंमत केली. इग्वानोडॉनच्या साच्यात टेबल मांडून एकवीस जणांना मेजवानी दिली. ओवेन जनावराच्या डोक्याच्या बाजूला बसला होता. वर्तमानपत्रांनी ही बातमी चवीने छापली. जाहिरात कशी करावी हे हॉकिन्सला कळत होते. त्याच्या पुतळ्यांच्या लहान प्रतिकृती विक्रीला आल्या, शाळांत आणि संग्रहालयांत गेल्या, पुढे अमेरिकेतही विकल्या गेल्या. भिंतीवर टांगायचे चित्रतक्ते त्याने काढले. ओवेनने बागेसाठी छोटे माहितीपुस्तक लिहिले. एका हातात मूर्ती आणि दुसऱ्या हातात पुस्तक, ही डायनासोरवेड्या पोराची जोडी अशी दीडशेहून जास्त वर्षे जुनी आहे.

जगात आज अशा मूर्ती आणि पुस्तके जमवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत स्वतः मूर्तिकार असलेलेही आहेत. त्यांचे कपाट म्हणजे नुसता खेळ नसतो. एका फळीवर शेपूट ओढत चालणारा लठ्ठ सरडा असतो. तो जुन्या काळचा. चार्ल्स नाइट या अमेरिकन चित्रकाराच्या धाटणीची जनावरे दुसऱ्या फळीवर. या नाइटची नजर फार अधू होती. तो आधी लहानसा मातीचा नमुना करी, त्याच्यावर उजेड-सावली कशी पडते ते बघे आणि मगच रंगाला हात घाली. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम याने डायनोनिकस या चपळ शिकारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या मूर्तींची शेपूट हळूहळू जमिनीवरून उचलली गेली. १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारखे तंतू असलेला डायनासोर जाहीर झाला, तेव्हापासून मूर्तींना पिसे फुटू लागली. म्हणजे एकाच नावाच्या तीन मूर्ती शेजारी ठेवल्या की माणसाची समज कशी बदलत गेली ते डोळ्यांना दिसते. पुस्तकाची जुनी आवृत्ती आपण रद्दीत घालतो. कपाटातली जुनी मूर्ती घालू नये.

हॉकिन्सच्या नशिबी मात्र हेच आले. १८६८ मध्ये तो अमेरिकेत गेला. फिलाडेल्फियात त्याने हॅड्रोसॉरसचा सांगाडा उभा केला. डायनासोरचा सांगाडा जोडून लोकांसमोर उभा करण्याची ती जगातली पहिली वेळ. निम्म्याहून जास्त हाडे नव्हतीच, ती प्लास्टरची करून घातली. डोके सापडले नव्हते, तेही अंदाजाने. त्याच वर्षी न्यूयॉर्कने त्याला सेंट्रल पार्कमध्ये प्राचीन प्राण्यांचे मोठे संग्रहालय उभारण्यासाठी बोलावले. त्याने कार्यशाळा थाटली, साचे केले, अमेरिकन जनावरांचे पुतळे आकाराला येऊ लागले. मग शहराची सत्ता बदलली, उद्यानाचा कारभार नव्या मंडळींकडे गेला आणि १८७० च्या अखेरीस योजना रद्द झाली. ३ मे १८७१ ला काही माणसे घण घेऊन कार्यशाळेत शिरली आणि त्यांनी पुतळे, नमुने, साचे फोडून टाकले. तुकडे पार्कातच पुरले गेल्याचे सांगतात.

शतकभराहून अधिक काळ याचे खापर न्यूयॉर्कचा बदनाम पुढारी ‘बॉस’ ट्वीड याच्यावर फोडले जात होते. २०२३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या विकी कूल्स आणि मायकेल बेंटन यांनी जुने कागद तपासून दाखवले की हुकूम ट्वीडचा नव्हे, उद्यान मंडळातल्या हेन्री हिल्टनचा असावा. हा हिल्टन मोठा चमत्कारिक गृहस्थ. काशाचा पुतळा आणि देवमाशाचा सांगाडा त्याला पांढऱ्या रंगाने रंगवावासा वाटला, यावरून काय ते ओळखावे. सगळ्याच नाशामागे मोठे कारस्थान नसते. कधी कधी अधिकाराच्या जागी बसलेला एक लहरी माणूसही पुरतो.

घणाने फोडणे हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे विसरणे. आणि तो आपल्या जास्त ओळखीचा. १८२८ मध्ये जबलपूरला विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच हा स्लीमन. तेव्हा ‘डायनासोर’ हा शब्दही जन्मला नव्हता. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतातला हा नाव मिळालेला पहिला डायनासोर. पुढे ही हाडे कुठे गेली ते कळेना. हरवली असेच सर्वांनी धरले. २०१२ मध्ये नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यांतला एक मणका पुन्हा मिळाला, तो कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात! घरातलीच वस्तू घरातच हरवली होती.

आता कुणी विचारील की मोहोळच्या माणसाने हे का सांगावे? आमच्या सोलापूर जिल्ह्यात तर डायनासोरचे हाड मिळायचे नाही. बरोबर. पण त्याचे कारणच मोठे आहे. आपल्या पायाखालचा काळा दगड, ज्याची जाती झाली, पाटे-वरवंटे झाले, वेशी झाल्या, तो म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांचे युग संपत होते त्याच सुमारास, दख्खनवर हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्याच काळात मेक्सिकोच्या बाजूला प्रचंड अशनी आदळला. डायनासोर त्या अशनीने मेले, आणि त्यात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीला खोल भोक पाडले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळा दगड लागला, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली जुना पायाचा खडक. म्हणजे आपल्याकडे काही पुरलेले असेलच तर ते या झाकणाखाली.

विदर्भात, लाव्ह्याच्या पूर्वेकडच्या कडेला, हे झाकण विरळ आहे. तिथे लाव्ह्याच्या आधीचा गाळ शेतात उघडा पडतो. वरोरा भागातले पिसदुरा गाव एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना माहीत आहे. तिथल्या हाडांवरून लिडेकरने १८७९ मध्ये आणखी एक नाव दिले होते. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८०च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा बाहेर काढला. १९९७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे वेगळे नाव मिळाले. नावातले पहिले तुकडे त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे आहेत. मान आखूड, पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ तरसासारखी मागे उतरती असावी असे काहींना वाटते. त्या सांगाड्यात डोके नव्हते आणि मागचे पायही नव्हते. मूर्तिकाराला अजून तर्कच करावा लागतो, हॉकिन्ससारखा.

पण पिसदुऱ्याने मूर्तिकारांना एक गोष्ट पक्की दिली, आणि ती हाडांतून नव्हे, शेणातून. तिथे डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे शेतांत सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २००५ मध्ये त्यांनी जाहीर केले की त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण आहेत, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. पुढच्या अभ्यासात त्यांतले काही कण भाताच्या कुळाशी नाते सांगणारे निघाले. तोवर पुस्तकांत आणि मूर्तींच्या बैठकीवर डायनासोरांच्या पायाशी नेचे असत, सूचिपर्णी झाडे असत. गवत दाखवणे ही चूक समजली जाई, कारण गवत नंतर आले असे सगळे मानत.

आमची ज्वारीही गवताच्याच कुळातली. इसिसॉरसची मूर्ती पुढे कुणी करील, डोक्याचा आणि मागच्या पायांचा अंदाज तो आपल्या बुद्धीने बांधील. पण बैठकीवर, त्या जनावराच्या पुढच्या पायांपाशी, त्याला आता गवताचा एक झुबका ठेवता येईल.