तीन शब्दांची तेरा पावले

गंगा, घाट, पहाट. हे तीन शब्द सरळ म्हणायला लक्ष लागत नाही. आता असे म्हणा : गंगा घाट, घाट गंगा, गंगा घाट पहाट, पहाट घाट गंगा, गंगा घाट पहाट. तीन शब्दांची ही तेरा पावले म्हणजे घनपाठ. पुढच्या खेपेला पहिला शब्द सोडायचा, चौथा जोडायचा आणि पुन्हा तेरा पावले टाकायची. जीभ लगेच अडखळते.

याचे मूळ वेदपाठशाळेत आहे. संहिता सलग म्हणताना संधीमुळे शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून शब्द सुटे करणारा पदपाठ आला. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्यांच्या नावावर आहे. मग दोन-दोन शब्दांनी पुढे सरकणारा क्रमपाठ आला आणि त्यातून आठ विकृती, म्हणजे पाठाचे बदललेले प्रकार : जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन.

उलटे का म्हणायचे? सरळ पाठात जीभ सवयीने धावते, मन भलतीकडे जाते आणि सारखी ओळ आली की पाठ दुसऱ्याच मंत्रात शिरतो. उलट्या पाठात अर्थाचाही आधार नसतो. तिथे प्रत्येक शब्दावर मन ठेवावेच लागते.

1977 मध्ये वॉल्टर श्नायडर आणि रिचर्ड शिफ्रिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हाच भेद प्रयोगांतून मांडला. खूण आणि तिला द्यायचा प्रतिसाद कायम तोच राहिला, तर भरपूर सरावाने काम आपोआप होते. जोडी बदलत राहिली, तर दर वेळी लक्ष द्यावे लागते. घनपाठात चाल ठरलेली, शब्द मात्र दर खेपेला नवा. म्हणून चाल अंगवळणी पडली तरी लक्ष सुटत नाही.

नाशिकला या विद्येत मानाचे पान आहे. 2025 मध्ये काशीत 19 वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे 2000 मंत्र 50 दिवसांत दंडक्रमाने, म्हणजे दंड या विकृतीने, म्हटले. असे पारायण सुमारे 200 वर्षांपूर्वी नाशकात वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केले होते, असे तेव्हा आवर्जून सांगितले गेले.

या पाठांतराला घोकंपट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. घोकताना मन भटकते. इथे मन भटकले की पाऊल चुकते आणि समोर बसलेले गुरुजी तिथेच थांबवतात.